‘पॉश’ शब्द मुंबईच्या बोटीतून आलेला नाही

तुम्ही विचारलंय की ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ हे खरं का, आणि इंग्रजीबद्दल असे आणखी कोणते गैरसमज आहेत.

पॉशची गोष्ट खोटी आहे, पण रचणाऱ्याला मानलं पाहिजे. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटी सुएझमार्गे मुंबईला यायच्या. येताना डावी बाजू, म्हणजे पोर्ट, सावलीत. परतताना उजवी, म्हणजे स्टारबोर्ड. पैसेवाले साहेब दोन्ही वेळा सावलीची केबिन घेत आणि त्यांच्या तिकिटावर ही चार आद्याक्षरं छापली जात, असं सांगतात. भूगोल चोख आहे. फक्त असं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि ही व्युत्पत्ती छापून आली १९३० च्या दशकात, शब्द चांगला रुळल्यावर. त्याआधी एकोणिसाव्या शतकातच लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसे, चिल्लर. शिवाय छानछोकी करणारा माणूसही. पैशाचा अर्थ रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या, भाषेतल्या ‘अर्धा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असा एक तर्क आहे. रोमानी लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले, म्हणजे आपलं नातं असलंच तर ते इथे.

‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ ही तर निव्वळ थाप. ‘न्यू’चं अनेकवचन, संपलं. जुन्या शब्दाची फोड कुणी आद्याक्षरांत करून दाखवली की मी आधी संशयच घेतो. अपवाद ‘ओके’चा: १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग मुद्दाम चुकवून (oll korrect) केलेला तो विनोद.

व्याकरणातली सगळ्यात चिवट समजूत म्हणजे वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (‘ॲट’, ‘टू’, ‘फ्रॉम’ असे शब्द) चालत नाही. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीवर हा आक्षेप घेतला आणि नंतर स्वतःची जुनी वाक्यंही बदलत बसला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी मात्र तशी वाक्यं कधी सोडली नाहीत. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने (हे पुढे लंडनचे बिशप झाले) आपल्या व्याकरणात लिहिलं की गंभीर लेखनात ही रचना टाळलेली बरी, पण आपल्या भाषेचा ओढाच तिकडे आहे. ते वाक्य असं: ‘धिस इज ॲन इडियम, विच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू.’ शेवटचा शब्द बघा. तेव्हा ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ बिनधास्त लिहा.