पुण्यातील गच्चीत स्टॅनहोपिया हे ऑर्किड फुलेल का?

होय, फुलू शकते. मात्र ते कुंडीत लावू नये. मध्य व दक्षिण अमेरिकेतील या ऑर्किडचा फुलोरा कंदाच्या बुडातून थेट खाली वाढतो, त्यामुळे बंद तळाच्या कुंडीत कळ्या आतच कुजतात. तारेच्या टांगत्या टोपलीत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडे मॉस घालून रोप लावल्यास फुलोऱ्याचे दांडे फटींतून मोकळे बाहेर पडतात. पुण्यातील पावसाळा त्याला मानवतो, पण एप्रिल-मेमधील कोरड्या उष्णतेत ते शेडनेटखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी फवारावे लागते.

एवढे कष्ट त्या फुलासाठी खरोखरच घ्यावेत. पाकळ्या मागे वळलेल्या, ओठ (म्हणजे वेगळ्या आकाराची एक पाकळी) मेणासारखा जाड आणि अनेक जातींत त्याला चक्क दोन शिंगे असतात! फुलात मध नसतो. सुगंधी द्रव्य गोळा करायला आलेला ऑर्किड-मधमाशीचा नर गुळगुळीत ओठावरून घसरतो आणि बाहेर पडताना परागपुंज अंगाला चिकटवून नेतो. या मधमाश्या भारतात नसल्यामुळे आपल्याकडे फळ धरायचे असेल, तर परागीकरण हाताने करावे लागते. फुले जेमतेम तीन दिवस टिकतात, म्हणून कळ्या फुगू लागल्यावर बाहेरगावी जाणे शक्यतो टाळावे.