सरकलेला ठसा आणि नाण्याची किंमत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न असतो: सुट्ट्या पैशांत मिळालेलं नाणं जरा वाकडं छापलं गेलंय, त्याचे किती येतील? त्यांतल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहे.

प्रश्न (अमळनेर): पाच रुपयांच्या नाण्यावर सिंहाच्या बाजूची कड एकीकडे जाड आहे आणि समोर जवळजवळ नाहीशी झाली आहे. मागची बाजू ठीक आहे. ही ऑफ-सेंटर चूक धरायची का?

नाही. ऑफ-सेंटर नाण्यात कोरी चकतीच दोन साच्यांमध्ये नीट बसलेली नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंचा ठसा एकाच अंगाला सरकतो आणि उरलेल्या अंगाला कोरी चंद्रकोर राहते. चकती भोवतीच्या कॉलरमधून, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या कड्यातून, निसटलेली असल्याने नाणं पुरतं गोलही राहत नाही. तुमचं नाणं गोल आहे आणि मागची बाजू जागेवर आहे. म्हणजे चकती बरोबर पडली, पण दोनपैकी एक साचा बाजूला सरकला होता. याला मिसअलाइन्ड डाय म्हणतात.

चकती चुकून वाकडी पडते ती एखादीच. सरकलेला साचा मात्र कुणाच्या लक्षात येईपर्यंत तसाच ठोकत राहतो आणि तशी नाणी ढिगाने बाहेर पडतात. कड जरा जाड-बारीक असेल तर पाच रुपयांचे पाचच. सन किंवा अक्षरं कापली गेली असतील तरच जाणकाराला दाखवा.

प्रश्न (भुसावळ): नाणं उलटलं की मागचा आकडा तिरका दिसतो. तिरकेपणा मोजायचा कसा, आणि किती असला तर किंमत येते?

सिंह सरळ उभा दिसेल असं नाणं धरा. अंगठा खाली सहाच्या जागी आणि तर्जनी वर बाराच्या जागी ठेवा. आता दार फिरतं तसं नाणं आडवं फिरवा आणि मागच्या आकड्याचा माथा घड्याळात कुठे आला ते पाहा. एक तास म्हणजे तीस अंश. मग त्याच प्रकारची, त्याच सनाची आणि त्याच टाकसाळीची चार-पाच नाणी घेऊन तसंच करा. ही तुलना टाळू नका, कारण दोन्ही बाजू एकमेकींना सरळ ठेवायच्या की उलट, हे त्या नाण्याच्या ठरावीक मांडणीवर असतं. मांडणीच उलटी असेल तर ती चूक नव्हे.

साचा पकडीत किंचित फिरला की पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो आणि तो कुणी विचारात घेत नाही. नव्वद अंशांपासून संग्राहक चौकशी करतात, पूर्ण एकशेऐंशी असेल तर जास्तच. तरीही विकण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

प्रश्न (शहादा): माझ्या नाण्यावर सनाखाली टाकसाळीची खूणच नाही. ती छापायची राहिली का?

नाही, ते कोलकात्याचं नाणं आहे. मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण नसते.

प्रश्न (चाळीसगाव): सनाचे आकडे दुहेरी दिसतात.

आकड्याच्या कडेला सपाट पायरीसारखी सावली असेल तर ठोक्यानंतर साचा हलला एवढाच त्याचा अर्थ. त्याला जास्तीची किंमत नाही.

प्रश्न (धुळे): आठवडे बाजारात एक जण दहा रुपयांचं नाणं अडीच हजाराला देतो आहे. मधला सिंह बाजूच्या ‘भारत’ अक्षरांच्या मानाने आडवा झोपला आहे. घेऊ का भाऊ?

घेऊ नका. या एका फसवणुकीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण शाळेतली पोरंही आता साठवलेले पैसे तिच्यात घालवत आहेत.

दहा रुपयांच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि मधली चकती वेगवेगळ्या धातूंची असतात. टाकसाळीत दोन्ही तुकडे सुटे आणि कोरे एकत्र ठेवून त्यांच्यावर एकच ठोका पडतो. त्या दाबाने मधला धातू पसरून कड्यात घट्ट अडकतो आणि त्याच क्षणी ठसाही उमटतो. सिंह आणि ‘भारत’ एकाच साच्यावर कोरलेले आहेत. मग यंत्रात एक आडवा आणि दुसरा सरळ येईल कसा? येऊच शकत नाही. तसं दिसलं म्हणजे ठोक्यानंतर मधला भाग कुणीतरी काढून फिरवून बसवला आहे. कडं तापवलं की ते पसरतं आणि मधला भाग ढिला होतो, नाहीतर शिकंज्यात दाबूनही तो निघतो. मधली चकती उलटी बसवून ‘दोन नाण्यांचं मिश्रण’ म्हणून विकतात तेही याच हातचं काम.

ओळखायचं असं. दहापट भिंगातून सांध्यावर ओरखडे दिसतात. नाणं उजेडाकडे धरलं की फटीतून उजेड येतो. मधला भाग कड्याच्या पातळीपेक्षा वर किंवा खाली असतो. कानाजवळ हलवलं तर कधी खडखडतं, आणि तापवलेल्या कड्यावर निळसर-तपकिरी झाक राहते. मधला भागच गायब असलेल्या नाण्यातही हेच पाहा: भोक कापल्यासारखं स्वच्छ असेल तर मधला भाग नंतर काढलेला आहे. चकतीविनाच ठोका पडला असता तर कड्याचा धातू भोकाकडे सरकून काठ फुगला असता. खरी चूक म्हणजे ठोक्याआधी मधला भाग सरकणं. तशा नाण्यात दोन धातूंचा सांधा वाकडा असतो, पण ठसा मात्र त्यांच्यावरून अखंड गेलेला असतो.

नाणी मोडण्या-वितळवण्याला नाणी कायदा, 2011 नुसार बंदी आहे, हेही विक्रेत्याला ऐकवा.

प्रश्न (नंदुरबार): दोन्ही बाजूंना सिंह आहे. ही लक्खी आहे का?

दुसऱ्या बाजूचा सिंह खोलगट आणि आरशातल्यासारखा उलटा आहे का? असेल तर लक्खी असू शकते: आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटला. दोन्ही सिंह उठावदार आणि सरळ असतील तर दोन नाणी कातून जोडलेली असतात. कडेच्या आत बारीक गोल रेघ शोधा आणि वजन करा.

प्रश्न (जळगाव): वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला पाच लाख मिळतील असा फोन आला. नोंदणीचे आधी 2,100 रुपये मागतात. खात्यावर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह आहे.

एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही घेत नाही. तिने ऑगस्ट 2021 मध्ये तसं जाहीरच केलं आहे. ते नाणं चलनात भरपूर आलेलं आहे. पैसे दिले असतील तर उद्यावर टाकू नका, आत्ताच 1930 वर तक्रार करा.

प्रश्न (रावेर): बँकेतून आणलेल्या दोन रुपयांच्या पाकिटात एक नाणं निघालं. दोन्ही बाजूंना चंद्रकोरीएवढी जागा कोरी आहे, सन दिसतो. सोनाराकडून चमकवून आणू का?

अजिबात नाही. सोनाराचं चाक असो, चिंच असो की लिंबू, ठशावरचा मूळ पृष्ठभाग एकदा गेला की तो परत येत नाही आणि किंमतही जाते.

तुमचं नाणं तपासण्यासारखं आहे. आधी वजन करा. 2011 मध्ये आलेल्या मांडणीचं दोन रुपयांचं नाणं 4.85 ग्रॅमचं आणि 25 मिलिमीटरचं आहे. ऑफ-सेंटरमध्ये धातू कमी होत नाही, त्यामुळे वजन जवळपास तेवढंच भरायला हवं. बरंच कमी भरलं तर कड कापलेली किंवा घासलेली असू शकते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या, किराणा दुकानातला नको. मग कोऱ्या जागेवर भिंग फिरवा. तिथे रुळाखाली किंवा हातोड्याखाली चेपल्याची सपाट चमक दिसायला नको, आणि उरलेली अक्षरं ताणलेली नकोत.

किती टक्के सरकलं आणि सन-खूण शाबूत आहे का, यावर किंमत ठरते. सन दिसणं तुमच्या बाजूचं आहे. नाणं कडेला धरा आणि मायलर (पारदर्शक, टिकाऊ पापुद्रा) लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवा. स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटं आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चिकट होतात आणि नाण्याला हिरवा थर धरतो. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो घ्या, वजन लिहून ठेवा आणि पुणे, नाशिक किंवा मुंबईच्या नाणेप्रदर्शनात निदान दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा. पहिल्याच टेबलावर विकू नका.