आईचं सामान गाळ्यात ठेवू का?

प्रश्न : आई जाऊन चार महिने झाले. तिचं भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं आहे. माझ्या दोन खोल्यांत तिचं सामान मावणार नाही. भाऊ बदलीच्या गावी आहे, वर्षभराने परत येईल. तोवर सेल्फ स्टोरेजमध्ये, म्हणजे घरचं सामान ठेवायला भाड्याने बंद खोल्या देतात तिथं, एक गाळा घे, असं तो म्हणतो. लोक तिथं नेमकं काय ठेवतात? की मी नुसताच निर्णय टाळते आहे?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मलाही पडला होता. बाबा गेले तेव्हा मी सहा महिन्यांसाठी म्हणून गाळा घेतला आणि तो चार वर्षं माझ्याकडे राहिला. भाडं दर महिन्याला खात्यातून आपोआप जायचं. चार वर्षांत मी तिथं तीनदा गेले असेन.

लोक गाळा घेतात ते बहुतेकदा घर मोडताना किंवा हलवताना. कुणी गेलं, घटस्फोट झाला, बदली झाली, मोठं घर सोडून लहान घेतलं. घराची दुरुस्ती काढली की फर्निचर तिथं जातं, सुट्टीत वसतिगृहातल्या मुलांची खोकी जातात, छोटे व्यापारी माल आणि जुन्या फायली ठेवतात. या सगळ्यांना सामान परत कधी न्यायचं हे साधारण माहीत असतं. माझं तसं नव्हतं. बाबांचं शिलाई मशीन भाचीला द्यायचं ठरलं होतं. तेल घालून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवलं होतं, ते आज तिच्याकडे छान चालतं. पत्रांचं काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. म्हणून ती खोक्यात भरली, खोकं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलं. उघडलं तेव्हा खालच्या निम्म्या पत्रांना बुरशी धरली होती. एकमेकांना चिकटलेले ते कागद मला सोडवता आले नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते, जी वस्तू कुठं जाणार हे ठरलंय तीच गाळ्यात ठेवा. भावाला आजच फोन करा आणि तो काय काय नेणार याची यादी त्याच्याकडून घ्या. कपाट, पलंग, भांडी एवढंच असेल, तर ५ फूट बाय १० फुटांचा गाळा बहुधा पुरेल. १० बाय १० मध्ये एखाद्या लहान घराचं सामान बसतं. जागा मोठी असली की ती भरावीशी वाटते, एवढं ध्यानात ठेवा.

हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदाला, कापडाला, चामड्याला बुरशी धरते. सामान भरण्याआधी पूर्ण कोरडं करा. लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं सोडा. फ्रिज असेल तर पुसून, दार किलकिलं ठेवून. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. जड खोकी खाली, मधे चालण्याइतकी वाट, आणि प्रत्येक खोक्याच्या बाजूवर आतलं सामान लिहा. वर लिहिलं की दुसरं खोकं त्यावर बसतं आणि काही दिसत नाही.

गॅस, पेट्रोल, थिनर, खाण्याचे पदार्थ तिथं चालत नाहीत. दागिने आणि मूळ कागदपत्रं नेऊच नका. करार नीट वाचा. नुकसान झालं तर भरपाई कुणाची, विमा वेगळा घ्यावा लागतो का, भाडं थकलं तर सामानाचं काय करतात, हे सही करण्याआधी विचारा. थकबाकीपोटी सामान लिलावात काढण्याची तरतूद पुष्कळ ठिकाणी असते.

आईच्या साड्या, पत्रं, फोटो यांचं ठरत नसेल तर ठरवायची घाई करू नका. चार महिने म्हणजे काहीच नाही. पण ते सगळं स्वतःच्या घरी न्या. एक खोकं पलंगाखाली मावतं.