डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवण्याच्या रचना) वर्गात समजतात, पण लॅबमध्ये प्रोग्राम चालत नाही. अभ्यास कसा करावा?

आपण लिहिले आहे की पहिल्या वर्षी पायथन सहज जमली, मात्र संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी फळ्यावरची लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींची यादी, कळूनही स्वतःचा प्रोग्राम चालत नाही आणि शेवटी कुणाचा तरी तयार कोड उतरवून सबमिशन करावे लागते. मी या विषयाची प्रॅक्टिकल्स घेतो आणि ही तक्रार दरवर्षी ऐकतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) सर्चिंग आणि सॉर्टिंगपर्यंतचे (शोधणे आणि क्रम लावणे) प्रोग्राम पायथनमध्ये होतात आणि लिंक्ड लिस्टपासून पुढे सी प्लस प्लस सुरू होते; बहुतेकांची गाडी नेमकी याच सांध्यावर अडते.

पायथनच्या लिस्टमध्ये सुरुवातीला एखादी संख्या घातली, तर आतल्या सर्व नोंदी एकेक घर पुढे सरकवाव्या लागतात, पण हे काम भाषा परस्पर उरकत असल्याने आपल्याला त्याची झळ लागत नाही. सी प्लस प्लसमध्ये नोडसाठी (यादीतल्या एका नोंदीसाठी) मेमरीत जागा मागणे, ती परत करणे आणि कोणता पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा चल) कुठे रोखायचा हे ठरवणे, ही सगळी जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून कीबोर्डला हात लावण्यापूर्वी कागदावर नोडच्या चौकटी आणि पॉइंटरचे बाण काढावेत, आणि कोडची एकेक ओळ वाचत त्या ओळीने जो बाण बदलतो तेवढाच खोडून नव्याने काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

उदाहरणार्थ, ‘पी’ या नोडनंतर नवा नोड घालायचा आहे. आधी नव्या नोडचा नेक्स्ट (पुढच्या नोडकडे रोखलेला पॉइंटर) ‘पी’च्या नेक्स्टकडे वळवायचा आणि मग ‘पी’चा नेक्स्ट नव्या नोडकडे. हा क्रम उलटा केला, तर दुसरी ओळ चालेपर्यंत ‘पी’चा नेक्स्ट नवा नोडच झालेला असतो, परिणामी नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवतो, पुढची सगळी यादी हातची जाते आणि छापणारा लूप थांबायचे नाव घेत नाही. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर याबद्दल चकार शब्द काढत नाही. कागदावर मात्र स्वतःकडेच वळलेला बाण ताबडतोब दिसतो.

आपल्या प्रॅक्टिकल्सच्या यादीतला पिनॅकल क्लबचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबातील सभासदांची लिंक्ड लिस्ट ठेवण्याचा, प्रोग्राम त्या दृष्टीने उत्तम आहे, कारण त्यात अध्यक्ष पहिल्या नोडवर आणि सचिव शेवटच्या नोडवर ठेवायचा असतो. मधला सभासद वगळणे सगळ्यांनाच जमते. अध्यक्ष वगळला की हेड (पहिल्या नोडकडे रोखलेला पॉइंटर) बदलतो, आणि ते हेड फंक्शनला रेफरन्सने (प्रत न देता मूळ चलच) दिलेले नसेल किंवा फंक्शनने नवे हेड परत केले नसेल, तर मुख्य प्रोग्राम डिलीट झालेल्या जागेकडेच पाहत राहतो. यादी रिकामी असताना आणि तिच्यात एकच सभासद असताना काय होते, हेही तपासावे. ओरलला परीक्षक बहुधा इथेच बोट ठेवतात.

रिकर्शनलाही, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्यालाही, हीच पद्धत लागू पडते. फिबोनाची मालिकेचा (प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज) सरधोपट रिकर्सिव्ह प्रोग्राम चाळिसाव्या पदासाठी तेहतीस कोटींहून अधिक वेळा स्वतःला बोलावतो. पाचव्या पदाचे कॉल हाताने मांडले, तरी तीच ती पदे पुन्हा पुन्हा काढली जात असल्याचे दिसते आणि टाइम कॉम्प्लेक्सिटीचे (प्रोग्रामला लागणारा वेळ कसा वाढतो याचे) कोष्टक घोकावे लागत नाही.

सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याने प्रोग्राम कोसळणे) आला की जागोजागी सीआउट, म्हणजे छापण्याच्या ओळी, पेरण्याऐवजी जीडीबी हे चुका शोधण्याचे साधन वापरायला शिकावे. बॅकट्रेसची एक आज्ञा प्रोग्राम कोणत्या ओळीवर कोसळला ते सांगते, फक्त कंपाइल करताना डीबगची माहिती ठेवायला हवी. एसटीएलमधली (सी प्लस प्लसच्या तयार संग्रहातली) तयार लिस्ट मात्र आपली लिस्ट चालू लागेपर्यंत दूर ठेवावी. पुढच्या सेमिस्टरला एव्हीएल ट्री (स्वतःचा तोल सांभाळणारी झाडासारखी रचना) येईल आणि तिथे तोल साधणाऱ्या एका रोटेशनमध्ये अनेक पॉइंटर एकदम बदलतात, त्यामुळे कागदावर बाण काढण्याचा सराव त्याआधीच, म्हणजे याच सेमिस्टरमध्ये पक्का करून घ्यावा.