एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ जातींच्या सीमेवरून इतके का भांडत होते? शेवटी बरोबर कोण ठरलं?

तुम्ही विचारलंय की डार्विनच्या काळात एक शास्त्रज्ञ ज्या झाडाला स्वतंत्र जाती म्हणायचा, त्यालाच दुसरा नुसता प्रकार म्हणायचा. मग हा सगळा ज्याच्या त्याच्या मताचा खेळ होता का, आणि शेवटी कोण बरोबर निघालं? मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि हा माझा फार आवडीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (स्पीशीजला इथे मी ‘जाती’ म्हणतेय. जवळच्या जातींच्या गटाला, म्हणजे जीनसला, मी ‘वंश’ म्हणतेय. जुन्या मराठी पुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द जीनससाठी येतो, त्यामुळे घोळ नको.)

आधी हे भांडण केवढं होतं ते बघा. ज्या वंशांतल्या वनस्पती सर्वात जास्त रूपं बदलतात, त्या वंशांत ब्रिटनमध्ये किती जाती आहेत? ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बॅबिंग्टन म्हणाले 251, त्यांचेच समकालीन जॉर्ज बेंथम म्हणाले 112. डार्विननं 1859 च्या आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि 139 चा फरक दाखवला. देश तोच, झुडपं तीच, आणि दोघांचीही हयात वनस्पती बघण्यात गेलेली. बॅबिंग्टन फोडणाऱ्यांपैकी होते, म्हणजे बारीक फरकावरूनही वेगळी जाती करणारे; बेंथम जोडणाऱ्यांपैकी, म्हणजे अशी रूपं एकाच जातीत धरणारे. इंग्रजीत त्यांना स्प्लिटर आणि लम्पर म्हणतात. दोन्ही तऱ्हेची माणसं असलेली बरी, असं डार्विननं 1857 मध्ये आपले वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर यांना पत्रात लिहिलं होतं.

कसोटी कुणाकडे नव्हती असं नाही. बी पेरलं की आईसारखंच रोप यायला हवं, हे सगळेच मानत. पण पेरून बघणारे मोजके होते. बहुतेकांचा निकाल हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फांदीवरून लागायचा. आणि जे पेरत होते तेही फसू शकत. त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे प्रिमरोज आणि काउस्लिप ही इंग्लंडातली दोन रानफुलं.

प्रिमरोजचं प्रत्येक फिकट पिवळं फूल आपापल्या देठावर येतं. काउस्लिपला एका दांड्याच्या टोकाला गडद पिवळ्या फुलांचा झुबका लागतो. वासही वेगळा. पण विल्यम हर्बर्ट या पाद्र्यानं सांगितलं की भरपूर खत घातलेल्या एकाच काउस्लिपच्या बियांतून त्याला काउस्लिप, प्रिमरोज आणि मधलं ऑक्सलिप अशी सगळीच रोपं मिळाली. डार्विनचे केंब्रिजमधले गुरू हेन्स्लो यांचंही मत तसंच झालं. म्हणून 1859 मध्ये डार्विननं बेधडक लिहिलं की प्रयोगांचा पुरावा प्रचंड आहे, ही दोन्ही एकाच जातीचे प्रकार आहेत.

पुढे त्यानं स्वतः प्रयोग केले. रोपांवर जाळी टाकली, कीटक येऊ दिले नाहीत, हातानं परागण केलं. आता काउस्लिपच्या बियांतून काउस्लिपच आलं. दोघांचा संकर घडवला तर बी फार कमी धरलं, आणि सर्वसाधारण ऑक्सलिप हा त्यांचाच संकर निघाला. आधीच्या प्रयोगांत मधमाश्या कुठून पराग आणतात याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं! 1868 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे निबंध ठेवून डार्विननं सांगितलं की प्रिमरोज आणि काउस्लिप वेगळ्या जाती आहेत, आणि पूर्व इंग्लंडातलं बार्डफील्डचं ऑक्सलिप ही तिसरी. जाती बदलतात हे जगाला पटवणाऱ्या माणसानं स्वतःचं छापील विधान जाळी आणि बियांच्या जोरावर मागे घेतलं. वर्गात हे सांगताना मला दर वेळी त्याच्याबद्दल आदर वाटतो.

हूकर यांचा मार्ग निराळा. पुढे ते लंडनमधल्या क्यू या वनस्पती उद्यानाचे संचालक झाले आणि साम्राज्यभरातून वनस्पतींचे नमुने तिथे येत. 1855 मध्ये थॉमस थॉमसन यांच्याबरोबर काढलेल्या ‘फ्लोरा इंडिका’च्या प्रस्तावनेत त्यांनी तक्रार केली की एकाच मुलखातल्या झाडांवरून लोक नव्या जाती काढतात, सगळा प्रदेश पाहिला की मधले दुवे सापडतात आणि भेद विरघळतो. आपल्या हिमालयातल्या देवदारालाही त्यांनी लेबनॉनच्या सीडरचाच एक प्रकार ठरवलं. आज बहुतेक जण त्याला स्वतंत्र जाती मानतात. न्यूझीलंडमधले मिशनरी विल्यम कोलेन्सो रानात हिंडून नव्या नव्या नेच्यांना नावं द्यायचे आणि क्यूमध्ये त्यातली बरीच जुन्या जातींत ढकलली जायची. हूकर यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, तुलनेला नमुने हवेतच. तरीही मला यात सत्तेचा भाग दिसतो. जिवंत झाड रोज बघणारा एक आणि नाव देण्याचा अधिकार दुसऱ्याचा.

आता या गोष्टीतला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा माणूस, फ्रान्समधल्या लियाँचा अलेक्सी जॉर्दां. मोहरीच्या कुळातली ड्राबा वर्ना नावाची बोटभर उंचीची वनस्पती तिकडे वसंतात उगवते. बाकीचे म्हणत, ही एक जाती. जॉर्दांनी ठिकठिकाणची रोपं आपल्या बागेत शेजारी शेजारी लावली आणि पिढ्यान्‌पिढ्या बियांतून वाढवली. पानांचा आकार, लव, शेंगेची ठेवण, सगळं जसंच्या तसं उतरत गेलं. 1873 पर्यंत त्यांनी त्या एका जातीच्या पन्नासहून अधिक जाती केल्या. ते कट्टर कॅथलिक होते आणि देवानं घडवलेल्या जाती कधीच बदलत नाहीत असं मानत. त्यामुळे अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण नंतर जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी ही रोपं पुन्हा वाढवून पाहिली, तेव्हाही भेद टिकले. निरीक्षण अस्सल होतं.

मग ड्राबात असं का? कारण ती बहुधा स्वतःच्याच परागानं बी धरते. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गव्हाचं घरचं बी वर्षानुवर्षं तसंच निघतं. बाजरीचं निघत नाही, कारण तिचा पराग शेजारच्या शेतातून येतो. जॉर्दांनी बारीक बारीक शुद्ध वाण शोधले होते आणि त्यांना ते जाती म्हणत होते. पेरणीची कसोटी चोख होती, पण प्रत्येक वनस्पतीत तिचा अर्थ एकच नव्हता. म्हणून माझं उत्तर असं: भांडण निव्वळ मतांचं नव्हतं. वनस्पती बी कशी धरतात हे न कळताच सगळ्यांना एकच माप लावलं जात होतं. प्रिमरोजच्या बाबतीत फोडणारे बरोबर ठरले. ड्राबातला भेद खरा होता, पण त्याला जाती म्हणायचं का हा प्रश्न उरतोच.

आणि रूबस या ब्लॅकबेरी-रासबेरीच्या वंशाचं कोडं तर अजून सुटलेलं नाही. महाबळेश्वरला मिळणारी रासबेरी याच वंशातली. ब्रिटनमधल्या काटेरी ब्लॅकबेऱ्यांवर बॅबिंग्टन यांनी 1869 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, बेंथम यांनी मात्र जवळजवळ सगळ्यांना एकाच नावाखाली कोंबलं. विसाव्या शतकात कळलं की यातल्या बऱ्याच झुडपांच्या बियांत फलनाशिवायच आईची हुबेहूब नक्कल तयार होते. कागदी लिंबाच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात ना, त्यातली बरीचशी अशीच असतात. रूबसमध्ये मधूनच एखादा संकर होतो आणि मग त्या नव्या रूपाच्याही नकला निघत राहतात. पन्नासेक ब्रिटिश ब्लॅकबेऱ्या खऱ्या जाती आहेत की नाहीत हा न संपणारा वाद आता थांबेल, असं डार्विननं ग्रंथाच्या शेवटी लिहिलं होतं. आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा तीनशेहून अधिक सूक्ष्म जातींना नावं आहेत.