आधी वहिनींना विचार

भाऊ,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण तेव्हाच लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं. २६ जानेवारीला तुमच्या गावच्या जखमी माजी सैनिकाला स्टेजवर बसवायचं की घरी जाऊन शाल द्यायची, मंडळातली पोरं एक म्हणतात, सरपंच दुसरंच, आणि तू विचारतोस मला. अरे, त्याच्या बायकोला, वहिनींना विचारलंस का?

कारगिलमध्ये जखमी झालेला आमच्या गावचा जवान खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधून, म्हणजे कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांच्या केंद्रातून घरी आला, त्या वर्षीचा १५ ऑगस्ट सगळा माझ्या हातात होता. स्टेजला चार पायऱ्या, मग चौघांनी व्हीलचेअरसकट वर उचलला त्याला, लोक टाळ्या वाजवताहेत आणि खुर्चीखाली लघवीची पिशवी लोंबतेय. त्याची बायको गर्दीतून वर आली, त्याच्या खांद्यावरची सत्काराची शाल काढली आणि मांडीवरून पार खालपर्यंत पसरली, पिशवी झाकली. तिच्यासाठी आम्ही साधी खुर्ची ठेवली नव्हती. पुढे कधीतरी बोलली, "माले कोनी इचारं नही, नाना." बस, एवढंच.

आमचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही सांगतो. शहिदांच्या अंत्ययात्रा पाहिल्या होत्या, जिवंत परत आलेल्याचं काय करायचं ते कोणाला माहीत होतं? मी नसतो तर तेवढंही झालं नसतं. पण विचारायला काय लागत होतं, दोन गल्ल्या सोडून तर घर होतं.

भाषणात मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देणारेस, दे, पण पूर्ण दे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्ण आणलं, आणि पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. आणि तुमच्या गावच्या माणसाने असलं काही करून दाखवायची गरज नाही रे, त्याची जखम पुरे आहे. पराक्रम पदक असेल तर नाव घेऊन सांग, शत्रूशी लढताना जखमी झालेल्याला मिळतं ते, नुसतं 'माजी सैनिक' म्हणून मोकळा होऊ नको. पदक कुठे ठेवलंय तेही वहिनींनाच माहीत असणार. विचार.

सरपंचांना एवढा उत्साह आहे ना, मग माजी सैनिकांची घरपट्टी माफ करायचा निर्णय २०२० चा आहे, तो त्या घराला लागू केला का ते बघायला सांग. आणि ग्रामपंचायतीच्या दाराला रॅम्प करायला सांग, पायऱ्यांवरून माणूस उचलून नेऊ नका परत.

आज संध्याकाळीच जा. हार-बीर काही नको, फोटो काढायला पोरंही नकोत. वहिनी भाकरी टाकत असतील तर हात मोकळे होईपर्यंत बस, मग विचार. नाही म्हणाल्या तर नाही. मंडळाशी मी बोलतो, सरपंचांचा नंबर पाठव.

तुझा,
नाना