फ्रेंच भाषाविज्ञानाच्या कार्यशाळेला जावं का? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात फ्रेंच शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची बरीच पत्रं आली, त्यातले चार प्रश्न घेतेय. बाकीचे पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, मी पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए. करतेय, बी-टू ही मधल्याच्या वरची पातळी झालीये. सरांनी फ्रान्समधल्या एका युनिव्हर्सिटीच्या ‘जुर्ने देत्यूद’ची माहिती पाठवली, ऑनलाइन बसता येतं आणि फी नाहीये. बसले तर माझं बोलणं सुधारेल का? आणि काहीच कळलं नाही तर? (विद्यार्थिनी, पुणे)

फक्त बोलणं सुधारावं म्हणून बसणार असशील तर तोच वेळ मैत्रिणीशी फ्रेंचमध्ये गप्पा मारण्यात घालव, जास्त फायदा होईल. पण फ्रेंच भाषा आतून कशी चालते हे बघायचं असेल तर जरूर बस, आणि एम.ए. करतेयस म्हणजे ते बघायला हवंच.

जुर्ने देत्यूद म्हणजे एका दिवसाची, एकाच छोट्या विषयावरची बैठक. कधी नकाराची रचना, कधी बोलताना गाळला जाणारा ‘अ’सारखा स्वर, कधी मुलं शब्दांचं लिंग कसं शिकतात. साधारण वीस मिनिटं मांडणी, दहा मिनिटं प्रश्न, मग पुढचा वक्ता. बरेच वक्ते एक कागद वाटतात, त्याला ‘एक्झाँप्लिए’ म्हणतात, त्यावर आकडे घालून नुसती उदाहरणं असतात आणि बोलताना ते ‘उदाहरण चार बघा’ असं म्हणत पुढे जातात. ऑनलाइन असेल तर हा कागद आधी मागून घे, तो हातात असला की अर्धं काम झालं, कारण सिद्धांताची भाषा डोक्यावरून गेली तरी उदाहरणं तुझ्या ओळखीचीच असतात.

दिवसभर सगळं ऐकायचा अट्टाहास नको. आदल्या रात्री सारांश वाच, तीन व्याख्यानं निवड, तेवढीच मन लावून ऐक. आणि प्रश्नोत्तरं चुकवू नकोस! व्याख्यान लिहून आणलेलं असतं, पण प्रश्नोत्तरांत तेच प्राध्यापक ‘ज न से पा’ (मला माहीत नाही) न म्हणता सरळ ‘शे पा’ म्हणतात, ‘नू’च्या (आम्ही) जागी ‘आँ’ वापरतात, वाक्य अर्ध्यात सोडून दुसरं धरतात. असं खरं फ्रेंच क्लासच्या सीडीत ऐकायला मिळत नाही.

प्रश्न : मी शाळेत फ्रेंच शिकवते. आठवीच्या मुलांना लिएझाँचे, म्हणजे पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की आधीच्या शब्दाचं एरवी मूक असलेलं शेवटचं व्यंजन उच्चारून जोडायचे, नियम तक्त्यावर लिहून देते, पण मुलं ओटीटीवर फ्रेंच सिरीज बघून येतात आणि म्हणतात की मॅडम, तिथे तर असं कोणी बोलतच नाही. अशा वेळी ह्या भाषाविज्ञानाच्या कार्यशाळांचा आम्हा शाळेतल्या शिक्षकांना काही उपयोग असतो का, की ते फक्त पीएचडीवाल्यांचं? (शिक्षिका, नाशिक)

उपयोग तुम्हालाच सगळ्यात जास्त आहे, आणि हे मी मनापासून सांगतेय. तुमची मुलं जे म्हणतायत नेमक्या त्याच प्रश्नातून ह्या विषयातली मोठमोठी कामं उभी राहिलीत.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच भाषातज्ज्ञ जॉर्ज गुगनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी माणसाला आधी कोणते शब्द शिकवावेत हे ठरवायचं काम हाती घेतलं. तेव्हा टेपरेकॉर्डर नुकता हाताशी आला होता. त्यांनी 275 लोकांचं बोलणं टेप केलं, तीन लाखांवर शब्द जमले, आणि कोणता शब्द किती वेळा आला ते मोजलं. मोजल्यावर अडचण लक्षात आली. क्रियापदं, अव्ययं, सर्वनामं भरपूर, पण रोजच्या वस्तूंची नावं फारच कमी, कारण विषय निघाल्याशिवाय माणूस वस्तूचं नाव घेतच नाही. मग त्यांनी शाळेतल्या मुलांना विषय दिले, शरीराचे अवयव, कपडे, जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू वगैरे, आणि पहिले सुचतील ते शब्द लिहायला सांगितले. म्हणजे कमी वेळा उच्चारला जातो पण डोक्यात कायम हजर असतो, अशा शब्दालाही यादीत जागा मिळाली. पुढे फ्रेंचची कितीतरी पाठ्यपुस्तकं ह्या यादीवर उभी राहिली.

1968मध्ये ऑर्लेआँ शहरात ब्रिटिश प्राध्यापकांनी घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या, हेतू हाच की इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांना खऱ्या माणसांचं फ्रेंच ऐकवायचं. त्यात एक प्रश्न होता, तुम्ही ऑम्लेट कसं करता? मला हा प्रश्न फार आवडतो. ऑम्लेट कसं करायचं ते सांगताना कोणी व्याकरण सांभाळत बसत नाही, आणि डॉक्टर असो की कामगार, सगळ्यांकडे उत्तर असतं, त्यामुळे तुलना करता येते. तो संग्रह 2008नंतर नव्या मुलाखतींनी पुढे नेला गेला, म्हणजे एकाच शहराचं चाळीस वर्षांच्या अंतरानं झालेलं बोलणं शेजारी ठेवून ऐकता येतं.

आता तुमचं लिएझाँ. ह्यासाठी पेएफसे नावाचा, आजच्या फ्रेंचचे उच्चार गोळा करणारा प्रकल्प बघा, झाक द्युराँ, बेर्नार लाक्स आणि शाँताल लीश ह्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू केलेला. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडा, आफ्रिका, सगळीकडे एकच पद्धत: 94 शब्दांची यादी वाचायची, एक छोटा उतारा वाचायचा, मग दोन प्रकारच्या गप्पा, एक जरा औपचारिक आणि एक मोकळी. त्यातून दिसलं की जुन्या पुस्तकांनी ‘सक्तीची’ म्हणून दिलेली यादी खूप फुगवलेली आहे. ‘लेझामी’ (मित्र), ‘नूझाव्हाँ’ (आमच्याकडे आहे) ह्यात लिएझाँ पक्कं, म्हणजे नामाआधीचं आर्टिकल किंवा क्रियापदाआधीचं सर्वनाम असलं की कोणीच सोडत नाही. पण ‘से’ (हे आहे) किंवा ‘ज स्वी’नंतर (मी आहे) स्वर आला की तेच माणूस कधी करतं, कधी नाही. ‘आणि’ अर्थाच्या ‘ए’नंतर तर कधीच नाही, आणि ‘ले आरिको’ (शेंगा) हेही जोडायचं नाही, कारण तो शब्द लिहिताना ‘एच’नं सुरू होतो आणि अशा काही शब्दांआधी लिएझाँ होत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, तक्त्याचे तीन रकाने, सक्तीचं, ऐच्छिक आणि निषिद्ध लिएझाँ, सारख्याच जोरानं शिकवू नका. पहिला रकाना तोंडात बसेपर्यंत घोटून घ्या. मधला फक्त ऐकून ओळखता आला पाहिजे, त्याचे मार्क अजिबात कापू नका. आणि सिरीज बघून प्रश्न विचारणाऱ्या मुलांना शाबासकी द्या, त्यांनी जे टिपलं ते बरोबर टिपलंय. लिहिताना नकाराचा ‘न’ हवाच, बोलताना तो बहुतेक वेळा गळतो, दोन्ही गोष्टी आठवीच्या मुलाला सहज कळतात.

अजून एक, कार्यशाळेत शिक्षकानं रिकाम्या हातानं जायचं नाही. तुमच्याकडे वर्ग आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पेएफसेची एक शाखा 2008पासून फ्रेंच शिकणाऱ्या परभाषिकांचे उच्चार त्याच पद्धतीनं गोळा करते. आपल्या मुलांचंच बघा, ‘ताब्ल’ वाचताना शब्द इंग्रजी टेबलसारखा दिसतो म्हणून सरळ ‘ट’ लावतात, खरं तर फ्रेंच ‘त’ दाताला जीभ लावून होतो, मराठी माणसाच्या तोंडात तो जन्मापासून आहे. ‘प’, ‘त’, ‘क’ हवा न सोडता म्हणणं इंग्रजी मुलांना शिकवावं लागतं, आपल्याला नाही. म्हणजे आपली मुलं मराठीवरून चुकत नाहीत, इंग्रजीवरून चुकतात! वर्गात पाच-सहा मुलांचं वाचन पालकांच्या परवानगीनं मोबाइलवर रेकॉर्ड करा, प्रात नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आवाजाचं चित्र दिसतं. एवढं घेऊन गेलात की तुमच्याशी बोलायला लोक स्वतःहून येतील.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर, हौसेनं फ्रेंच शिकतो. डिग्री नसताना अशा ठिकाणी बसू देतात का? आणि आपल्या मराठीचा ह्या सगळ्याशी काही संबंध? (ठाणे)

काका, श्रोता म्हणून बसायला बहुतेक ठिकाणी डिग्री विचारत नाहीत, नाव नोंदवलं की झालं. घरबसल्या वाचायचं असेल तर फ्रेंच भाषाविज्ञानाचं जागतिक संमेलन 2008पासून दर दोन वर्षांनी भरतं, त्यातले निबंध नेटवर मोफत आहेत. सारांश आणि उदाहरणांपासून सुरुवात करा.

मराठीचा संबंध तर जुना आणि अभिमानाचा आहे. मराठीच्या जडणघडणीवरचा पायाभूत ग्रंथ फ्रेंचमध्येच लिहिला गेला, 1920 साली पॅरिसमध्ये निघाला, लेखक फ्रेंच भाषातज्ज्ञ झ्यूल ब्लोक. त्याचा मराठी अनुवादही झालाय, जुन्या ग्रंथालयात विचारा. तुमचं फ्रेंच थोडं पुढे गेलं की मूळ पुस्तक उघडा, उदाहरणं मराठीच असल्यामुळे वाचायला धीर येईल.

प्रश्न : मी कॉलेजात फ्रेंच शिकवतो. आमच्याकडची कोंकणी बोलणारी मुलं अनुनासिक स्वर पटकन उचलतात असं मला वाटतं. ह्यावर कार्यशाळेत मांडणी करायची आहे, सारांश कसा लिहू? (फोंडा, गोवा)

विषय फार चांगला आहे. कोंकणीत स्वर नाकातून म्हटला की नाही ह्यानं अर्थ बदलतो, प्रमाण मराठीत आता तसं जवळजवळ राहिलेलं नाही, म्हणजे शेजारी शेजारी राहणारे दोन गट तुम्हाला आयते मिळतात. पण ‘मला वाटतं’ एवढ्यावर सारांश स्वीकारला जाणार नाही. दोन्ही गटांतली सारख्या पातळीची मुलं घ्या, एकच यादी आणि एकच उतारा वाचायला द्या, आणि एकच गोष्ट तपासा: नाकातल्या स्वरानंतर मुलं जास्तीचा ‘न्’ लावतात का. ‘बाँझूर’चं ‘बोन्जूर’ होतं तो हाच ‘न्’. पुल्लिंगी ‘बाँ’ (चांगला) आणि स्त्रीलिंगी ‘बॉन’ (चांगली) ह्या जोडीत तो लगेच पकडता येतो. घरी मुलं कोणकोणत्या भाषा बोलतात ते मात्र नीट लिहून घ्या, गोव्यात एका घरात तीन-तीन भाषा असतात आणि परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

सारांशात पहिल्या दोन ओळींत प्रश्न, मग मुलं कोण आणि किती, मग पद्धत, मग आतापर्यंत काय दिसलं. निष्कर्ष अजून कच्चा असेल तर तसं लिहा, जुर्ने देत्यूदमध्ये चालू असलेलं काम आनंदानं ऐकतात. किती शब्दांत लिहायचं ते आयोजकांनी सारांश मागवताना काढलेल्या आवाहनात दिलेलं असतं, ते काटेकोर पाळा. फ्रेंचमध्येच लिहा आणि पाठवण्याआधी ह्या विषयाबाहेरच्या एका फ्रेंच शिक्षकाला वाचायला द्या, त्याला प्रश्न कळला नाही तर पहिल्या दोन ओळी पुन्हा लिहा. निवड झाली आणि प्रत्यक्ष जायचं ठरलं तर आयोजकांकडून निमंत्रणपत्र लगेच मागून ठेवा, व्हिसाला ते लागतं आणि तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, तिकडची ऑफिसं बराच काळ बंद असतात.